बेळगावात बसून समुद्राची मासळी विकायची तर

बेळगावला समुद्र नाही, पण मासे खाणारी घरं भरपूर आहेत. गोव्याहून, कारवारहून, सावंतवाडी-मालवणकडून येऊन इथं रुजलेली कुटुंबं, कॅम्पातली जुनी ख्रिस्ती आणि मुसलमान वस्ती, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रामुळं आलेली फौजी बिऱ्हाडं, शिवाय चंदगड-खानापूरकडची माणसं. या सगळ्यांना बांगडा लागतो आणि तो घाटाखालून आणावा लागतो. हे काम एक पेटी, एक काटा आणि एक विळी एवढ्यावर सुरू करता येतं. तसं सुरू करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय: शहापूर-वडगावची तरुण पोरं, खानापूरकडचे बचत गट, निपाणीत भाजीच्या गाड्याशेजारी मासळी ठेवावी का या विचारात असलेली मंडळी.

बहुतेकांचा पहिला प्रश्न गाडीचा असतो. कुठली घेऊ, कर्ज किती मिळेल. गाडीचं नंतर बघू. नव्या विक्रेत्याचा नफा दोन ठिकाणी गळतो: उरलेल्या मालात आणि कमी पडलेल्या बर्फात. ही दोन भोकं बुजवली तर सायकलवरही धंदा होतो, नाहीतर पिकअप दारात उभी असूनही होत नाही.

पायरी १: गल्ली बघा, वार बघा

माल आणण्याआधी दोनेक आठवडे नुसतं फिरा. आपल्या भागात मासळी कोण आणतं, कुठं बसतं, किती वाजता संपते, संपत नसेल तर शेवटी काय भावानं देतात. कॅम्पातल्या फिश मार्केटात रविवारी सकाळी आणि एखाद्या मंगळवारी दुपारी जाऊन या. दोन वेगळे बाजार दिसतील.

आपल्याकडं वारांवर धंदा चालतो. सोमवार, गुरुवार, शनिवार निम्म्या घरांत मासळी शिजत नाही. त्यात संकष्टी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्राचे नऊ दिवस. म्हणजे खरे विक्रीचे वार बुधवार, शुक्रवार आणि रविवार, आणि मंगळवार असातसा. नव्या माणसानं आठवड्यात हे तीनच वार धरावेत. सगळे दिवस बसायच्या हट्टापायी तीन दिवसांत मिळवलेलं उरलेल्या दिवसांत जातं.

जागा निवडताना शेजार बघा. लिंगायत किंवा जैन वस्तीच्या तोंडावर मासळीची पाटी मांडली तर भांडण होणार, आणि त्यांचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. पाण्याचा नळ जवळ असलेली, दुपारपर्यंत सावली राहणारी, धुतलेलं पाणी गटारात नीट जाईल अशी जागा पाहिजे. सावली महत्त्वाची. मार्च ते मे बेळगावचं ऊन मासळीच्या पेटीला गोव्याच्या उन्हापेक्षा कमी त्रास देत नाही.

पायरी २: मासा कुणी धरला ते कळू द्या

बेळगावात येणारी समुद्राची मासळी मुख्यतः तीन बाजूंनी येते. कारवारच्या बैतकोल बंदरातून आणि अंकोल्याकडून, गोव्यातून, आणि वेंगुर्ले-मालवणच्या किनाऱ्यावरून. रस्तेही तसेच वेगळे. कारवारचा माल अणशी घाट चढून जोयडा, रामनगर, लोंढा, खानापूर असा येतो. गोव्याचा साखळी-चोर्ला-जांबोटीवरून किंवा मोले-अनमोडवरून. वेंगुर्ल्याचा सावंतवाडी, आंबोली, शिनोळीवरून. जोराच्या पावसात यातला एखादा घाट दरड कोसळून बंद पडतोच, म्हणून दोन बाजूंची ओळख असलेली बरी.

बंदरावर उभं राहिलं की मोठे ट्रॉलर डोळ्यांत भरतात आणि नवा माणूस तिकडंच धावतो. माझा सल्ला उलटा आहे. ट्रॉलर समुद्रात आठ-आठ, दहा-दहा दिवस राहतात. पहिल्या दिवशी धरलेला मासा शेवटच्या दिवसाच्या माशाबरोबर त्याच खणातून उतरतो. तो बर्फात असतो, खायला वाईट नसतो, पण त्याचं निम्मं आयुष्य समुद्रावरच सरलेलं असतं. तुमच्याकडं त्याला घाट चढायचाय, पेटीत बसायचंय, गिऱ्हाइकाच्या फ्रीजमध्ये रात्र काढायचीय. छोटी होडी संध्याकाळी जाळं टाकते आणि पहाटे परत येते. गिलनेटवाल्या (पाण्यात उभं सोडलेलं, कल्ल्यात मासा अडकवणारं जाळं) होडीतला बांगडा किंवा रापणीतली तारली काही तासांपूर्वीची असते. छोट्या विक्रेत्याला वीस-तीस किलोच माल लागतो, आणि तेवढा या होड्यांकडून मिळतो.

रापण एकदा तरी ओढताना बघा. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात, त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणतात आणि दोन्हीकडून माणसं दोर ओढत ते वाळूवर घेतात. मासळीची वाटणी होते, जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा, ओढणाऱ्यांचा वेगळा. कारवार, गोवा, वेंगुर्ले, मालवण, सगळीकडं ही रीत होती. १९७० च्या दशकात पर्ससीन, म्हणजे अख्खा थवा घेरून खालून आवळून घेणारी जाळी आली, बांगड्या-तारल्यांचे थवे किनाऱ्याला लागण्याआधीच उचलले जाऊ लागले, आणि रापणी मोडत गेल्या. गोव्यात त्यावरून रापणकारांनी मोठं आंदोलन केलं. पुढं किनाऱ्यालगतचं पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखायला तिन्ही राज्यांनी कायदे केले: गोव्यानं १९८० साली, महाराष्ट्रानं १९८१ साली, कर्नाटकानं १९८६ साली. कारवार-अंकोल्याकडं नौदलाच्या सीबर्ड प्रकल्पात किनाऱ्याची गावंच उठली; तो तळ २००५ साली सुरू झाला. मोठे दिवे लावून रात्री मासे ओढण्यावर केंद्रानं २०१७ साली बंदी घातली, तरी त्यावरून बंदरावर अजून वाद होतात.

हा इतिहास विक्रेत्याला कशाला, असं वाटेल. तुम्ही ज्याच्याकडून घेणार तो हरिकंत्र, खारवी, गाबीत किंवा अंबिग समाजातला माणूस या सगळ्यातून तगलेला आहे. त्याला घाऊक व्यापारी भाव पाडून मागतो. तुम्ही आठवड्याचे तीन वार ठरवून, रोख देऊन, नियमित वीस किलो घेतलात तर तो तुम्हाला चांगला माल काढून ठेवतो. भावात रुपया-दोन रुपये घासाघीस करून जे मिळत नाही ते यातून मिळतं.

पायरी ३: बंदरावरचा पहिला दिवस

पहिल्या खेपेला काही विकत घेऊ नका. पहाटे पोचा, बाजूला उभे राहा. लिलाव भराभर होतो. क्रेट नाहीतर पाटी समोर येते, बोली लागते, माल हलतो, आणि हे सगळं कोकणीत. मराठी समजतात, पण बोली कोकणीतच चालते. आकडे कानाला ओळखीचे व्हायला वेळ लागतो. वजन सांगितलेलं आणि क्रेटमध्ये भरलेलं यात फरक असू शकतो, वरचे मासे मोठे आणि खालचे बारीक असू शकतात. हात घालून खालचा मासा वर काढून बघायची लाज बाळगू नका; तिथं सगळेच बघतात.

लिलावात थेट उतरण्याऐवजी सुरुवातीला विकणाऱ्या बायकांकडून घ्या. लिलावात घेतलेला क्रेट त्या फोडून विकतात, म्हणून आपल्याला हवे तेवढेच दहा किलो मिळतात. भाव थोडा चढा असतो, पण त्या तुमचा मासा निवडतात. एखाद्या मावशीशी नीट ओळख झाली की ती आदल्या रात्रीच फोनवर सांगते, "उद्या येऊ नको, वारं सुटलंय, होड्या गेल्या नाहीत." त्या एका फोनाचे पैसे मोजता येणार नाहीत.

सगळ्यात आधी मात्र बेळगावातच पहाटे उतरणाऱ्या मासळीच्या गाड्यांवरून घाऊक घेऊन चार-सहा आठवडे विकून बघा. बंदर त्यानंतर. आणि बंदरावर जायला लागलात तरी एकट्यानं गाडी करू नका. तीन-चार विक्रेत्यांनी मिळून एक पिकअप ठरवली की भाडं वाटलं जातं.

पायरी ४: बांगडा हातात घेऊन बघणं

सगळे मासे ओळखायची गरज पहिल्या वर्षी नाही. बांगडा नीट ओळखता आला तरी पोट भरतं. बेळगावात तोच सर्वांत जास्त खपतो, स्वस्त असतो, काटा मोठा असल्यामुळं पोरंही खातात.

शेपटीजवळ धरून आडवा उचला. ताजा बांगडा काठीसारखा ताठ राहतो, शिळा मधून वाकतो. डोळा बाहेर आलेला, बाहुली काळी आणि भोवती पाणीदार हवी. डोळा आत गेला, त्यावर पांढुरकी साय आली की सोडा. कल्ला बोटानं उघडा. लालभडक, ओला, समुद्राच्या पाण्याचा वास असेल तर घ्या. तपकिरी झाला, चिकट तार निघाली तर नको. नुसता लाल रंग पाहून फसू नका, वासही घ्या. मग पोटावर अंगठा दाबा. खळगा पडला आणि भरला तर मांस घट्ट आहे. खळगा तसाच राहिला, किंवा गुदद्वाराजवळ पोट फाटून आतलं दिसायला लागलं, की तो मासा घाट चढणार नाही. पाठीवरच्या निळ्या-हिरव्या पट्ट्यांची चमक शेवटी बघा. ती पाणी मारूनही आणता येते.

बांगडा आणि कुपा या जातीच्या माशांत एक धोका आहे तो नव्या विक्रेत्याला कुणी सांगत नाही. उन्हात तास-दोन तास पडलेल्या बांगड्यात हिस्टामिन नावाचं द्रव्य तयार होतं. नंतर बर्फात ठेवला तरी ते जात नाही, शिजवून-तळूनही जात नाही. खाणाऱ्याचा चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं, आणि तो म्हणतो मला बांगडा सोसत नाही. मासा दिसायला बरा दिसत असतानाही हे होऊ शकतं. म्हणून बंदरावर उन्हात पडलेला ढीग स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

बाकीच्यांचं थोडक्यात. तारल्या बांगड्याहून लवकर पोट फोडतात, म्हणून त्याच दिवशी संपतील तेवढ्याच. कोळंबीचं डोकं काळं पडायला लागलं की मागं सरा. आणि लक्षात ठेवा, सालासकट घेतलेली कोळंबी सोलून दिली तर वजन जवळपास निम्मं उरतं, त्यामुळं सोललेल्याचा भाव दुप्पट लावला तरी गिऱ्हाइकाला लुटलं असं होत नाही. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मिटलेल्या हव्यात, उघडी असली तर टिचकी मारल्यावर मिटायला हवी. मोरीला, म्हणजे लहान शार्कला, मुळातच उग्र वास असतो. तिच्या अंगातल्या युरियाचा अमोनिया होतो, तो वास नाकात चढायला लागला की ती जुनी. सुरमईला वेंगुर्ल्यात इसवण म्हणतील, कन्नड गिऱ्हाईक अंजल मागेल, मुडदुशीला काणे म्हणेल, बांगड्याला बंगुडे. एवढं कन्नड आलं तरी "बंगुडे ताजं आहे का अण्णा" असं अर्धं-अर्धं बोलत धंदा होतो.

चौदा सेंटिमीटरहून लहान बांगडा आणि दहाहून लहान तारली घेऊ नका. केरळनं २०१५ साली लहान मासळी धरण्यावर बंदी घालताना हीच मापं धरली. तो मासा अजून एकदाही व्यालेला नसतो. स्वस्त मिळतो, पण आज विकला तर तीन वर्षांनी बंदरावर आपल्यालाच माल मिळणार नाही.

फॉर्मलिनचं, म्हणजे मासा टिकवायला लपूनछपून मारतात त्या रसायनाचं, विचारणारे गिऱ्हाईक अजून भेटतात. २०१८ च्या जुलैत गोव्यात बाहेरून येणाऱ्या मासळीत फॉर्मलिन असल्यावरून मोठा गदारोळ झाला, तेव्हापासूनची ती धास्ती आहे. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं त्याच सुमारास कागदी पट्टीवर तपासायचं किट काढलं. एक किट पेटीत ठेवा आणि कुणी शंका काढली तर त्याच्यासमोर पट्टी लावून दाखवा. तोंडी शपथा घेण्यापेक्षा स्वस्त पडतं.

पायरी ५: बर्फ

इथं जरा थांबून वाचा, कारण सगळा धंदा इथंच आहे.

मासा नासतो तो गरमीनं. शून्याच्या आसपास ठेवलेला बांगडा चार-पाच दिवस चांगला राहतो, तोच खोलीच्या उबेत एका दिवसात जातो. तीस अंशांवरचे दहा किलो मासे शून्यावर आणायलाच सव्वातीन किलोच्या आसपास बर्फ वितळतो. हा फक्त थंड करण्याचा खर्च. त्यानंतर पेटीच्या भिंतींतून येणारी गरमी, झाकण उघडताना आत जाणारी हवा, चार तासांचा रस्ता, सकाळपासून दुपारपर्यंतची विक्री, यांना वेगळा बर्फ. म्हणून नियम साधा: मासा जेवढा, बर्फ तेवढाच. दहा किलोला दहा किलो. उन्हाळ्यात थोडा जास्त. "अर्धा पुरतो" म्हणणारे असतात. पुरतो, पण पहिल्या गिऱ्हाइकापर्यंतच.

लादी फोडताना मोठे तुकडे ठेवू नका. मोठा तुकडा माशाला एकाच ठिकाणी टेकतो, मधे हवा राहते, शिवाय टोकदार कडेनं पोट फाटतं. गोणपाटात घालून लाकडी मोगरीनं बारीक चुरा करा. पेटीच्या तळाला चार बोटं बर्फ, त्यावर माशांचा एक थर, पोट खाली करून आणि सगळी डोकी एका दिशेला, वर बर्फ, परत मासे, परत बर्फ, शेवटी जाड थर. भिंतीला मासा टेकू देऊ नका, कडेनंही बर्फ घाला. तळाला एक भोक हवं आणि ते उघडं हवं. वितळलेलं पाणी माशावरून वाहत गेलं तर धुऊन नेतं, साचलं तर त्याच घाण पाण्यात मासा भिजतो. थर्मोकोलची पेटी सुरुवातीला चालते, पण ती महिन्याभरात फुटते आणि आत वास धरते. दोन-तीन महिन्यांत इन्सुलेटेड प्लास्टिकची पेटी घ्या.

बर्फ कुठून घेता ते बघा. पिण्याच्या पाण्याचा बर्फ हवा. कारखान्यात जाऊन एकदा पाणी कुठलं ते विचारा. संकोच करू नका. आणि बंदरावर जाताना अर्धा बर्फ इथूनच घेऊन जा. होड्या भरपूर लागल्या त्या दिवशी किनाऱ्यावर बर्फ संपतो किंवा महाग होतो, आणि नेमका त्याच दिवशी मासा स्वस्त असतो.

विक्रीच्या वेळी सगळा माल फळीवर मांडायचा मोह आवरा. पाच-सहा किलो वर ठेवा, तेही बर्फावर, बाकी पेटीत झाकून. ढीग मोठा दिसला की गिऱ्हाईक येतं हे खरं, पण अकरा वाजता तोच ढीग तुमच्याकडं बघत बसतो.

पायरी ६: कागदपत्रं

ही लवकर उरका. अन्नसुरक्षेचं रजिस्ट्रेशन फॉसकॉस (FoSCoS) या सरकारी पोर्टलवर होतं. छोट्या उलाढालीला साधी नोंदणी पुरते, शुल्क किरकोळ असतं. रस्त्यावर बसत असाल तर २०१४ च्या फेरीवाला कायद्याप्रमाणं महापालिकेकडून विक्रेता म्हणून ओळखपत्र घ्या. त्यावर पीएम स्वनिधीचं छोटं कर्ज मिळतं आणि हटवायला आले तर हातात कागद असतो. इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी वजनमाप खात्याकडून तपासून शिक्का मारून घ्यायचा असतो. दुकान घेतलंत तर पाटीवर साठ टक्के कन्नड हवं असा २०२४ पासून कायदा आहे. पाटी रंगवायच्या आधीच हे लक्षात ठेवा, दुसऱ्यांदा रंगवायचा खर्च वाचेल. ताज्या मासळीवर जीएसटी नाही.

गाडीचं आता बोलू. केंद्राची मत्स्य संपदा योजना २०२० साली आली. त्यात बर्फपेटीसह सायकल, मोटारसायकल आणि तीनचाकीसाठी अनुदान आहे: सर्वसाधारण गटाला खर्चाच्या चाळीस टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना साठ टक्के. अर्ज जिल्ह्याच्या मीनुगारिके इलाख्यात, म्हणजे मत्स्य खात्यात करायचा. त्या वर्षी योजनेत पैसे शिल्लक आहेत का हे आधी विचारा आणि मंजुरीचा कागद हातात पडल्याशिवाय गाडी घेऊ नका. अनुदान मागाहून येतं, कर्जाचा हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून लागतो. फॉर्म कन्नडमध्ये असतो; कन्नड लिहिता येणारा मित्र बरोबर न्या, कामं भराभर होतात. घरातल्या बाईच्या नावानं धंदा असेल आणि ती खरोखर धंद्यात असेल, तर अर्जही तिच्याच नावानं करा.

पायरी ७: विक्री आणि हिशेब

भाव रोज बदलतो, म्हणून खालचे आकडे फक्त हिशेबाची रीत कळावी म्हणून धरा. समजा १२० रुपयांनी तीस किलो बांगडा घेतला: ३,६०० रुपये. बर्फ २५०, गाडीचा वाटा ५००, पिशव्या-जागा-किरकोळ १५०. एकूण ४,५००. दोन किलो दबून-फाटून गेला, विकायला अठ्ठावीस उरला. म्हणजे तुम्हाला किलो १६१ रुपयांना पडला, १२० ला नाही. २०० रुपयांनी वीस किलो विकला, चार हजार आले. अजून पाचशेचा तोटाच आहे. दुपारी उरलेला आठ किलो १२० नं काढला तर ९६० येतात आणि दिवसाचे ४६० रुपये सुटतात. तोच आठ किलो २०० नं गेला असता तर अकराशे सुटले असते. सगळी कमाई शेवटच्या आठ किलोत आहे.

म्हणून तीस किलो आणायच्या ऐवजी बावीस आणा आणि अकराला संपवा. "संपला की हो, रविवारी या" असं गिऱ्हाइकाला सांगायला लागलं तर तो तोटा नव्हे. पुढच्या वेळी तोच माणूस नऊ वाजता येतो. सुरमई, पापलेट, मोठी कोळंबी असला महागाचा माल फक्त ऑर्डरवर. शुक्रवारी रात्री व्हॉट्सअॅपवर विचारा, शनिवारी नावं लिहा, रविवारी तेवढंच आणा.

साफ करून देणं हा वेगळा धंदाच आहे. बेळगावात नवी पिढी फ्लॅटमध्ये राहते, घरात खवले काढायचे नसतात. बांगड्याला चिरा मारून, पोट साफ करून, सुरमईचे जाड-पातळ विचारून तुकडे करून दिलेत तर गिऱ्हाईक किलोमागं दहा रुपये जास्त द्यायला कुरकुरत नाही. विळी धारदार हवी, लाकडी ठोकळा रोज मीठ लावून घासलेला आणि वाळवलेला हवा. वजन साफ करायच्या आधी करता हे गिऱ्हाइकाला दिसलं पाहिजे. यावरून होणारी भांडणं ऐकली नाहीत असा विक्रेता नसेल. आतडी-खवले गटारात टाकू नका, झाकणाच्या बादलीत जमवा. नारळाच्या झाडाखाली पुरायला बागायतदार घेऊन जातात.

उधारी नको. अगदीच ओळखीच्या घराला द्यायची तर एका रविवारची दुसऱ्या रविवारी, पुढं नाही. मासा पोटात गेला की त्याचे पैसे आठवायला माणसाला जड जातं.

आणि १ नोव्हेंबर. कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस एकाच तारखेला, निम्मं शहर बंद, रस्त्यावर पोलीस, कधी सीमेवर गाड्या अडतात. त्या दिवसाचा माल सांगूच नका. सीमेवर ताण असला की एरवीही आदल्या रात्री ड्रायव्हरला फोन करून घ्या.

पायरी ८: पावसाळा

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र, दोन्ही कारणं. बिनइंजिनाच्या होड्यांना सूट असते, खाडीतला मासा थोडा मिळतो, पण तेवढ्यावर बेळगावचा बाजार चालत नाही. या दोन महिन्यांत दुसऱ्या किनाऱ्याचा किंवा कोल्ड स्टोरेजचा माल ताजा म्हणून विकणारे असतात. तुम्ही बर्फाचा म्हणूनच सांगा आणि त्या भावानं द्या.

यावर जुना उपाय सुका मासा. एप्रिल-मे महिन्यांत सुके बांगडे, सुकट, सुक्या तारल्या, मोरीचे खारवलेले तुकडे भरून ठेवायचे. घाटाजवळच्या गावांत पावसाळ्याची बेगमी म्हणून घरोघरी घेतात. बोंबील मात्र कारवारचा नसतो. तो मुंबई-पालघर आणि सौराष्ट्राकडून येतो. सुका माल घेताना मोडून बघा, आतून ओला असेल तर जूनच्या दमट हवेत बुरशी धरणार. लालसर डाग पडलेला नको. पत्र्याच्या डब्यात, खाली कागद घालून, भिंतीपासून दूर ठेवा आणि ऊन पडेल त्या दिवशी बाहेर काढा. बर्फ नाही, घाई नाही, उरलं तर उद्या विकता येतं. खरं तर अगदीच थोडं भांडवल असेल त्यानं ताज्याऐवजी सुक्यापासूनच सुरुवात करावी, आणि बचत गटांना तर मी हेच सुचवतो.

गोड्या पाण्याची मासळी हा दुसरा आधार. घटप्रभेवर हिडकल, मलप्रभेवर सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ, शिवाय जिल्हाभर तलाव आणि शेततळी. कटला, रोहू, मृगळ मिळतात. जलाशयातला मासा परवानाधारकाकडूनच घ्या. शेततळ्यातला तर जिवंत आणता येतो, आणि जिवंत मासा समोर कापून दिला की दर्याच्या माशाचं नाव काढणारंही गिऱ्हाईक गप्प घेऊन जातं. पहिल्या पावसात ओढ्या-शेतांत चढणीचे मासे मिळतात. घरी खायला ठीक, पण त्यांचा धंदा करू नका. पोटात गाभोळी असते, ती विकून पुढच्या वर्षी ओढा रिकामा होतो.

आता सुरुवात कधी करायची. १ ऑगस्टला होड्या सुटल्या की बंदरावर मासळीचा पूर येतो. मोसमी वाऱ्यानं खोल समुद्रातलं अन्नद्रव्य वर आलेलं असतं, त्यावर बांगड्या-तारल्यांचे थवे वाढलेले असतात, भाव पडलेले असतात. नव्या माणसाला वाटतं हीच वेळ. पण त्या सुमारास आपल्याकडं श्रावण असतो. मागोमाग गणपती, मग पितृपंधरवडा, मग नवरात्र. माल स्वस्त आणि गिऱ्हाईक उपाशी अशी ती दोन-अडीच महिन्यांची गंमत आहे. जुने विक्रेते तिच्यातून निभावतात कारण ख्रिस्ती-मुसलमान घरं आणि खानावळी त्यांची बांधलेली गिऱ्हाइकं असतात. तुमच्याकडं ते नाही. तेव्हा पावसाळ्यात सुकं विकत वार आणि गल्ल्या ओळखून घ्या, पेटी-काटा-नोंदणी उरका, बंदरावर दोन खेपा करून मावशीचा नंबर मिळवा, आणि ताज्या बांगड्याची पहिली पाटी दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी मांडा. त्या वेळी बांगडा भरपूर असतो, हवा गार व्हायला लागलेली असते, बर्फ कमी वितळतो, आणि नऊ दिवस उपास केलेली घरं पिशवी घेऊन स्वतःहून बाहेर पडतात. पहिल्या रविवारी बारा किलोच्या वर आणू नका.